कांद्याचा पापुद्रा आणि उंसाचें कांडें

पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास घोडनदीच्या कांठीं शिरूर आणि भीमेच्या कांठीं दौंड, असे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. एकाचें नांव कांद्याकरितां घेतलें जातें, तर दुसऱ्याचें उंसाकरितां व गुळाकरितां. अर्थात् शिरुरांतहि ऊंस होतो आणि दौंडांतहि कांदा पिकतो. शेतकरी अशा नांवलौकिकाकडे पाहून पीक घेत नसतो. कांद्याचा भाव, उंसाचा उतारा, गाईचें दूध हे विषय या भागांत पारावर आणि बाजारांत नित्य बोलण्यांत असतात. परंतु कांदा चाळींत असतांना हलका कां होतो, तोडलेल्या उंसाची गोडी दोन-तीन दिवसांत कां उतरते, जमीन ओली असतांनाहि पीक कां सुकतें, आणि कास दगडासारखी झालेल्या गाईचें दूध कां बिघडतें, या सर्व प्रश्नांचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें, ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. तें ठिकाण नुसत्या डोळ्यांस न दिसण्याइतकें लहान आहे. त्याला पेशी असें म्हणतात.

पेशी पाहावयाची तर कांद्यासारखें दुसरें साधन नाहीं. कांदा उभा चिरून त्याची एक मांसल पाकळी मोडली, म्हणजे तिच्या आंतल्या अंगास एक पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटा होऊन येतो. तो कांचेच्या पट्टीवर पाण्याच्या थेंबांत पसरावा, त्यावर औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या टिंक्चर आयोडिनाचा एक थेंब सोडावा, आणि शाळेंतील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावा. जें दिसतें तें विटांच्या भिंतीसारखें असतें. लांबट चौकोन एकास एक लागून ओळीनें रचलेले, आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनांत पिंवळसर तपकिरी रंगाचा एक गोल ठिपका. हा प्रत्येक चौकोन म्हणजे एक पेशी. तिची लांबी सुमारें पाव मिलिमीटर असते, म्हणजे चार पेशी टोकास टोक लावून ठेवल्या तर कोठें एक मिलिमीटर भरेल. वनस्पतींच्या पेशींत ही मोठीच म्हणावयाची.

हें दृश्य प्रथम ज्यानें पाहिलें त्यानें जिवंत पेशी पाहिलीच नव्हती, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. १६६५ सालीं रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाच्या लांकडाचा पातळ काप भिंगाखालीं धरला, तेव्हां त्यास मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं घरें दिसलीं. बूच ही झाडाची मेलेली साल. त्यामुळें घरें रिकामीं होतीं. हुकनें त्या घरांस दिलेलें नांव आजतागायत टिकलें. पुढें १८३१ सालीं रॉबर्ट ब्राउन यानें आमरीच्या जातीच्या वनस्पतींत तो गोल ठिपका ओळखून त्यास केंद्रक हें नांव दिलें. १८३८ सालीं श्लायडेन यानें सर्व वनस्पति पेशींच्या बनलेल्या असतात असें प्रतिपादिलें. आणि दुसऱ्याच वर्षीं श्वान यानें प्राण्यांविषयींहि तेंच सांगितलें. जुनी पेशी दुभंगल्यावांचून नवी पेशी जन्मास येत नाहीं, हा तिसरा सिद्धान्त १८५५ सालीं फिर्शो या जर्मन वैद्यानें ठामपणें मांडला. बी आणि झाड यांचें नातें ज्याला ठाऊक आहे त्या शेतकऱ्यास यांत नवल वाटणार नाहीं.

आतां पुन्हा कांद्याच्या चौकोनाकडे वळावें. बाहेरची जी जाड रेघ दिसते ती पेशीभित्तिका. ती मुख्यतः सेल्युलोज नांवाच्या द्रव्याची असते. कापसाचा धागा जवळजवळ सारा याच द्रव्याचा. ही भिंत मेलेली असली तरी बळकट असते, आणि तिच्यांतून पाणी व विरघळलेले क्षार विनासायास आरपार जातात. तिला आंतून चिकटून एक अत्यंत तलम पडदा असतो, त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. शाळेंतल्या सूक्ष्मदर्शकांतून तें वेगळें दिसत नाहीं, परंतु पेशीची खरी राखणदारी त्याच्याकडेच आहे. पाण्यास तें सहज वाट देतें. मीठ, साखर अशा पदार्थांस मात्र अडवितें, आणि ज्यांस आंत घ्यावयाचें त्यांस ठराविक दारांनींच घेतें. पटलाच्या आंत दाटसर पेशीद्रव्य, त्यांत केंद्रक, आणि मध्यभागीं पेशीची नव्वद टक्क्यांपर्यंत जागा व्यापणारी रसानें भरलेली एक मोठी पिशवी. तिला शास्त्रीय भाषेंत रिक्तिका म्हणतात. रसानें तुडुंब भरलेल्या पिशवीस हें नांव कोणी कां द्यावें, हें कोडेंच आहे. पहिल्या निरीक्षकांस तेथें कांहीं दिसलें नाहीं म्हणून त्यांनीं ती जागा रिकामी समजली असावी. लाल कांद्याचा लाल रंग असतो तो याच रसांत.

कांदा चिरतांना डोळ्यांस पाणी येतें तेंहि या पिशवीचेंच कृत्य. अख्खा कांदा नाकाशीं धरला तर डोळे झोंबत नाहींत, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. त्याचें कारण असें कीं, कांद्याच्या पेशींत गंधकयुक्त द्रव्य एका ठिकाणीं, म्हणजे पेशीद्रव्यांत असतें, आणि त्यावर क्रिया करणारें विकर दुसऱ्या ठिकाणीं, म्हणजे रिक्तिकेंत कोंडलेलें असतें. विळीची धार लागली कीं पिशव्या फुटतात, दोन्ही द्रव्यें एकत्र येतात, आणि क्षणार्धांत एक उडून जाणारा पदार्थ तयार होऊन डोळ्यांपर्यंत पोंचतो. या कामीं दुसरें एक स्वतंत्र विकरहि लागतें, असें जपानांतील संशोधकांनीं २००२ सालीं दाखवून दिलें. कांदा शिजविला म्हणजे उष्णतेनें विकरें निकामी होतात, म्हणून परतलेला कांदा कोणाला रडवीत नाहीं. ही सारी व्यवस्था कांद्यानें स्वयंपाकघरासाठीं केलेली नसून, जमिनींत त्याला कुरतडणाऱ्या किड्यांसाठीं केलेली आहे.

पेशीचें सर्वांत महत्त्वाचें कार्य ज्यावरून समजतें असा प्रयोगहि याच पापुद्र्यावर होतो. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या अंगाचा रंगीत पापुद्रा घ्यावा. साध्या पाण्यांत प्रत्येक चौकोन गुलाबी रंगानें कांठोकांठ भरलेला दिसतो. मग एका बाजूनें मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडावा. पांच-दहा मिनिटांत गुलाबी पिशवी आंखडूं लागते, भिंतीपासून सुटते, आणि रिकाम्या खोलींत पडलेल्या गांठोड्यासारखी दिसूं लागते. भिंत जागच्या जागीं उभी असते. बाहेरचें पाणी अधिक खारट, आंतला रस कमी तीव्र. मीठ पटलांतून आंत शिरूं शकत नाहीं, तेव्हां आंतलें पाणीच बाहेर पडतें. फार वेळ न घालवितां मिठाचें पाणी काढून साधें पाणी घातलें, तर पिशवी पुन्हा फुगून भिंतीस टेंकते. कैरीला मीठ लावतांच खार सुटतो, कोशिंबिरीच्या काकडीस आधींच मीठ घातलें तर वाडगें पाण्यानें भरतें, तें याच रीतीनें. लोणच्यांत जंतु वाढत नाहींत, कारण त्यांच्याहि पेशींतलें पाणी असेंच ओढलें जातें. भाजीवाली कोमेजलेल्या मेथीवर पाणी शिंपडून ती ताजी करते, तेव्हां ती पेशींच्या पिशव्या पुन्हा फुगवीत असते. हिरव्या कोंवळ्या देठास लांकूड नसतें. तो उभा राहतो तो केवळ हजारों फुगलेल्या पिशव्या भिंतींवर आंतून रेटा देत असतात म्हणून.

दौंडच्या शेतकऱ्यास हा प्रयोग कांचेच्या पट्टीवर पाहण्याचें कारण नाहीं. कित्येकांनीं तो आपल्या शेतांतच पाहिलेला आहे. मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघून हवेली तालुक्यांतून दौंडांत येतो व पुढें इंदापुराकडे जातो. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. कालव्याच्या पाण्यानें या मुलखाचें दैन्य फिटलें, यांत शंका नाहीं. परंतु काळी, खोल, निचरा नसलेली जमीन आणि हात न आंखडतां दिलेलें पाणी यांचा संयोग जेथें जेथें होतो, तेथें जमिनीखालच्या पाण्याची पातळी चढते आणि खोलवरचे क्षार त्याबरोबर वर येतात. ऊन पाण्यास घेऊन जातें, क्षारांस मागें ठेवतें. उन्हाळ्यांत अशा शेतावर पांढरा पापुद्रा दिसूं लागतो. त्यांत लावलेल्या उंसाच्या मुळांवरील केशांसारख्या पेशींची अवस्था मिठाच्या पाण्यांतील कांद्यासारखी होते. एरवीं मुळांतील रस जमिनींतल्या पाण्याहून तीव्र असतो, म्हणून पाणी आंत येतें. जमिनींतलें पाणीच तीव्र झालें, म्हणजे मुळास तें ओढतां येत नाहीं. पीक ओलाव्यांत उभें राहून तहानेनें सुकतें.

येथें पुष्कळांची चूक होते ती अशी कीं, पानें सुकलेलीं पाहून आणखी पाणी दिलें जातें. निचऱ्याची वाट नसेल तर त्या पाण्यानें पातळी अधिकच चढते आणि पुढच्या उन्हाळ्यांत क्षार दुपटीनें वर येतात. नुसत्या खारवट जमिनीस उपाय आहे तो चर काढून निचरा करण्याचा, आणि निचरा झाल्यावर गोड्या पाण्यानें क्षार धुवून खालीं नेण्याचा. जमीन चोपण झाली असेल, म्हणजे ओली असतांना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होत असेल, तर निचऱ्याबरोबर जिप्समहि घालावें लागतें. या गोष्टीस वर्षानुवर्षें लागतात, आणि शेजाऱ्याच्या शेतांतून चर गेल्याशिवाय एकट्याचा निचरा होत नाहीं. तेव्हां हें काम जितकें शेतीचें तितकेंच गांवकीचें आहे. फुले २६५ यासारख्या उंसाच्या कांहीं जाती क्षार अधिक सोसतात खऱ्या, परंतु सोसण्यासहि सीमा असते. रोपांच्या बुडाशीं युरियाची मूठ टाकल्यानें रोपें करपतात, त्याचेंहि मूळ येथेंच आहे.

प्राण्यांच्या पेशीस भित्तिका नसते. वनस्पति आणि प्राणी यांच्या पेशींतील हा पहिला भेद. दुसऱ्या अनेक भेदांचा उगम यांतच आहे. गालाच्या आंतल्या बाजूस स्वच्छ काडी हळूच घासून ती कांचेच्या पट्टीवर पुसली व थोडा रंग दिला, तर पातळ, वेड्यावांकड्या कडांच्या पेशी दिसतात. मध्यें केंद्रक असतें, भोंवतीं पेशीद्रव्य असतें. चौकोनी शिस्त मात्र कोठें आढळत नाहीं. अशा सुमारें वीस पेशी ओळीनें मांडल्या तर एक मिलिमीटर होईल. रक्तांतल्या तांबड्या पेशी त्याहून लहान; मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत त्या पन्नास लाखांच्या घरांत मावतात. त्यांत केंद्रकहि नसतें. गाय, शेळी, मनुष्य अशा सर्व सस्तन प्राण्यांची हीच तऱ्हा. परंतु शिरूर तालुक्यांतील मोराची चिंचोली येथें जे मोर अंगणांत दाणे टिपावयास येतात, त्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतें, कारण पक्ष्यांत तें टिकून राहिलें आहे.

भिंत नसल्याची किंमत प्राण्यांच्या पेशीस द्यावी लागते. कांद्याची पेशी निव्वळ पाण्यांत ठेवली तर ती पाणी ओढून फुगते. परंतु भिंत तिला आवरते. तांबडी पेशी निव्वळ पाण्यांत टाकली तर ती फुगतां फुगतां फुटून जाते, आणि मिठाच्या दाट पाण्यांत सुरकुतून जाते. म्हणून रोग्याच्या शिरेंत सलाईन सोडतात तेव्हां त्यांत एका लिटरास ९ ग्रॅम इतकेंच मीठ असतें. शुद्ध पाणी शिरेंत सोडणें म्हणजे रक्तांतल्या पेशी फोडणें होय. उलट भिंत नसल्यानें मिळालें तें असें कीं, प्राण्यांच्या पेशी लवूं शकतात, आंखडूं शकतात, पांढऱ्या पेशी तर रांगत जाऊन जंतूंस गिळूं शकतात. बैलाच्या खांद्यांतली ताकद त्याच्या स्नायूंतील पेशींच्या आंखडण्यांत आहे.

बाकीची रचना दोहोंत बरीच सारखी. केंद्रकांत गुणसूत्रें असतात, आणि कोणत्या वेळीं कोणतें द्रव्य तयार करावयाचें याचा लेख त्यांत असतो. पेशीद्रव्यांत तंतुकणिका नांवाचे सूक्ष्म कण असतात. साखर, प्राणवायु यांचा उपयोग करून शक्ति निर्माण करावयाची, हें त्यांचें काम. थोडक्यांत, पेशीची चूल ती हीच. हिरव्या वनस्पतींत याशिवाय हरितलवक असतात. सूर्याच्या प्रकाशानें हवेंतील कर्बद्विप्राणिल वायु आणि मुळांनीं आणलेलें पाणी यांपासून साखर तयार होते ती त्यांत. जमिनींत वाढणाऱ्या कांद्याच्या पांढऱ्या पाकळ्यांत ते हिरवे लवक नसतात. त्यांची साखर वरच्या हिरव्या पातींतून खालीं येते. उंसानें मात्र या कामीं एक विशेष सोय केलेली आहे. त्याच्या पानांत शिरांभोंवतीं हिरव्या पेशींचें एक कडें, आणि त्या कड्याबाहेर दुसऱ्या जातीच्या हिरव्या पेशी असतात. बाहेरच्या पेशी हवेंतला वायु पकडून आंतल्यांस पुरवितात, आणि आंतल्या त्याची साखर करतात. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं ही वाट उलगडून दाखविली. कडक उन्हांत इतर पुष्कळ पिकें हात टेंकतात तेव्हां ऊंस वाढतच राहतो, त्याचें एक कारण हें.

पानांतली साखर कांड्यांत उतरते आणि तेथील पेशींच्या रिक्तिकांत सांठते. केडगांव, यवत या बाजूच्या गुऱ्हाळांत चरकांतून जो रस गळतो, तो या कोट्यवधि पिशव्या फुटून वाहिलेला रस होय, आणि मागें चुलवाणासाठीं उरतें तें चिपाड म्हणजे पेशींच्या भिंती. चरकास सगळ्या भिंती फोडतां येत नाहींत, त्यामुळें चिपाडांत थोडी गोडी राहतेच. साखर-कारखान्यांत आधीं ऊंस बारीक तुकडे करून पिंजतात आणि मग पाणी शिंपून अनेक वेळां पिळतात, तें तेवढ्याकरितां. परंतु ऊंस तोडला म्हणजे तो तत्काळ मरत नाहीं. त्याच्या पेशींतल्या चुली चालूच असतात, पानांकडून येणारी नवी साखर मात्र थांबलेली असते. शिवाय एक विकर उसाच्या साखरेचे दोन तुकडे करून टाकतें; त्या तुकड्यांपासून दाणेदार साखर होत नाहीं आणि गूळहि घट्ट बसत नाहीं, पाझरतो. म्हणून तोडीनंतर गाडी जितके तास उन्हांत उभी राहील, तितका मालकाचा तोटा होत जातो. शेतकऱ्यास तो वजनांत दिसतो, गुळव्यास काहिलींत.

कांद्याच्या चाळींतहि असेंच घडतें. काढलेला कांदा जिवंत असतो. तो श्वासोच्छ्वास करतो, साखर जाळतो, पाणी सोडतो आणि दिवसेंदिवस हलका होत जातो. काढणीनंतर पातीसह सुकवून मान बारीक होऊं दिली, म्हणजे बाहेरच्या पाकळ्यांच्या पेशी मरून त्यांचा कोरडा पापुद्रा बनतो आणि आंतल्या जिवंत पेशींस तोच पांघरूण होतो. घाईनें ओला कांदा भरला तर जंतु मानेवाटे आंत शिरतात. त्यांचीं विकरें दोन पेशींस जोडणारा पेक्टिनाचा थर विरघळवितात. विटा शाबूत आणि चुना गेलेला, अशी भिंतीची गत होऊन कांदा मऊ पडतो व घाण सुटते. चाळीखालून आणि बाजूंनीं वारा खेळता ठेवावयाचा तो याच भयानें. कांद्याच्या मध्यावर, बुडाजवळ, सतत दुभंगण्यास तयार असलेल्या पेशींचा एक लहानसा पुंज असतो. विश्रांतीचा काळ संपला कीं त्या पेशी वाढूं लागतात व कोंब फुटतो. लासलगांवीं २००२ सालीं उभारलेल्या केंद्रांत गॅमा किरण सोडून या पुंजाची दुभंगण्याची शक्ति नाहींशी करतात. बाकीच्या पेशी तशाच राहतात, म्हणून कांदा खाण्यास चांगला राहतो, कोंब मात्र येत नाहीं. शेजारच्या खेड तालुक्यांत, राजगुरुनगर येथें, १९९८ सालीं नाशिकहून आलेलें कांदा व लसूण यांचें संशोधन संचालनालय आहे. भीमा शक्ति, भीमा किरण या टिकाऊ जाती तेथल्या. ज्या नदीच्या कांठीं दौंड वसलें आहे तिचेंच नांव त्यांस मिळालें आहे.

गाईच्या कासेंतल्या पेशींचा प्रकार वेगळा. तेथें बारीक पोकळ्यांभोंवतीं दूध तयार करणाऱ्या पेशींचें अस्तर असतें. या पेशी रक्तांतून द्रव्यें उचलतात, त्यांपासून दुधांतली साखर व प्रथिनें तयार करतात, आणि पोकळींत सोडतात. स्निग्धाचा प्रत्येक थेंब बाहेर पडतांना पेशीच्या पटलाचें पातळ वेष्टण बरोबर घेऊन जातो. दही घुसळून लोणी काढतांना फुटतें तें हें वेष्टण. कासेंत जंतु शिरले, म्हणजे रक्तांतल्या पांढऱ्या पेशी लाखोंनीं तेथें धांवून जातात आणि दुधांत उतरतात. शेतकरी ज्याला दगडी म्हणतात तो रोग हाच. कास कठीण होण्यापूर्वींच तो ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. चारी सडांचें थोडें थोडें दूध वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन त्यांत साबणासारखें एक द्रावण मिसळतात. साबणानें पांढऱ्या पेशींचीं पटलें विरतात, केंद्रकांतलें धाग्यांसारखें द्रव्य बाहेर येऊन गुंततें, आणि दूध शेंबडासारखें ताणूं लागतें. निरोगी सडाचें दूध पातळच राहतें. या परीक्षेस दोन मिनिटें पुरतात. न केल्यास एका सडाचें दूध कायमचें जाऊं शकतें.

वनस्पतींच्या पेशींत आणखी एक सामर्थ्य आहे, तें प्राण्यांच्या पेशींत सहसा आढळत नाहीं. एका पेशीपासून अखंड झाड उभें राहूं शकेल, असें भाकीत हाबरलांट यानें १९०२ सालीं केलें होतें. १९५८ सालीं अमेरिकेंत स्टूअर्ड यानें गाजराच्या सुट्या पेशी वाढवून त्यांपासून रोपें तयार केलीं आणि तें भाकीत खरें ठरलें. पुण्याहून दौंडकडे येणाऱ्या सोलापूर रस्त्यावर मांजरी येथें वसंतदादा साखर संस्था आहे. तेथें उंसाच्या शेंड्यावरील वाढत्या पेशींचा राईएवढा तुकडा कापून कांचेच्या बाटलींत साखर व क्षार यांच्या द्रावणावर ठेवतात. त्यास फुटवे येतात, ते सुटे करून पुन्हा बाटल्यांत लावतात, आणि मुळें धरल्यावर तीं नाजूक रोपें हरितगृहांत कांहीं दिवस हवापाण्यास सरावूं देतात. मग पिशव्यांत भरून तीं बेणेमळ्यासाठीं शेतकऱ्यांच्या हवालीं होतात.